शहाण्णव पानांची तक्रार

नीलिमा,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तुझ्यावरचा माझा राग चार दिवसांतच निवला. हेवा मात्र जिथल्या तिथे आहे, आणि तो झाकून तुझ्यावर काही लिहिणं मला जमेना.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर मीच लिहावं असं ठरलं. कारण काय, तर माझा मजकूर वेळेत येतो. येतोच. तुझं जन्मगाव, शिक्षण, नोकरी, हे तुझ्या नवऱ्याने, मोहनने दिलंय आणि ते पहिल्या पानावर चौकटीत येईल. त्यात मी पडत नाही. माझ्या सईने हे वाचलंय. दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या आणि ‘छाप’ म्हणाली. तेव्हा तिच्याबद्दलही मोकळेपणाने लिहिते आहे.

आधी फ्युनरल होममधल्या तुझ्या अंत्यविधीचं सांगते, कारण तुला ते बघायला मिळालं नाही. सगळं मी केलं. ओहेअर विमानतळावरून कोणाला कोणी आणायचं, मोहनच्या बहिणीचा बिछाना कुठे, पहिले तीन दिवस कोणाच्या घरून डबा, गुरुजींना काय काय लागतं, सगळ्याचे कागद केले आणि ज्याच्या त्याच्या हातात दिले. काही राहिलं नाही, काही चुकलं नाही. आणि तुला सांगते, एका माणसाने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. सगळे तुझ्याबद्दलच बोलत होते. साहजिक आहे, गेली होतीस तू. पण तू असतानाही हेच व्हायचं ना? गणपतीच्या जेवणाला चमचे आणायला विसरायचीस तू, गाडी काढून दुकानातून चमचे आणायचे मी, आणि जाताना लोक दारात तुला म्हणायचे, “नीलिमाताई, काय मजा आली!” मी तिथेच उभी असायचे, उरलेल्या चमच्यांची पिशवी हातात घेऊन.

सई शँपेनहून, तिच्या विद्यापीठातून, बसने आली. सरळ हॉलमध्ये शिरली, मला ओलांडून मोहनकडे गेली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. अशी रडली की मागच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. माझी मुलगी माझ्यासमोर अशी रडल्याला किती वर्षं झाली, मला आठवत नाही. मग डोळे पुसत माझ्याकडे आली आणि काय म्हणाली? “आई, खुर्च्या पुरतात का?”

पुरत होत्या. मी मोजल्या होत्या.

तुला माझा हा स्वभाव माहीत होता. माझ्या तोंडावर हसायचीस. “तू मेल्यावर यमाला पण फॉर्म भरायला लावशील यार,” म्हणायचीस. मी म्हणायचे, भरलेला बरा, नाहीतर तो भलत्याच माणसाला नेईल. आता हे लिहिताना हसू येत नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या तक्रारीबद्दल मंडळात सगळ्यांना थोडंथोडं माहीत आहे आणि कोणालाच पूर्ण माहीत नाही. आज सांगून टाकते. तुझी बाजूही मलाच सांगावी लागेल. शक्य तितकी खरी सांगते.

सई आठवीत होती. त्या उन्हाळ्यापासून तिचं जेवण कमी झालं होतं. आधी मला वाटलं वय आहे. मग डबा तसाच परत यायला लागला. मग कपडे सैल. मी डॉक्टर गाठले, रक्त तपासलं, दर दोन आठवड्यांनी वजन, आहारतज्ज्ञ बाई, शाळेतली समुपदेशक. अजित, माझा नवरा, म्हणायचा, जरा थांब, तिला श्वास घेऊ दे. मला थांबता येत नाही. काही बिघडलं की त्याचं कारण शोधायचं आणि ते काढून टाकायचं, हे मी ऑफिसात वीस वर्षं करते आहे. ऑक्टोबरात मला कारण सापडलं. सईच्या दप्तरात, शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का असलेली एक पातळ कादंबरी. जेवण टाकणाऱ्या एका मुलीची गोष्ट. नाव इथे लिहीत नाही, तिची आणखी जाहिरात माझ्याकडून नको.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून एका शनिवारी ती मी वाचून काढली. ती मुलगी काय काय करून घरच्यांना फसवते ते त्यात होतं. सईही तेच करत होती. झालं, माझ्या दृष्टीने तपास संपला.

सोमवारी मी शाळेत. ग्रंथपालबाई सभ्य होत्या. म्हणाल्या, तुमच्या मुलीला हे पुस्तक द्यायचं नसेल तर तिच्या नावापुढे नोंद करते, आत्ता करते. मी म्हटलं, प्रश्न फक्त माझ्या मुलीचा नाही. मग मुख्याध्यापकांनी समोर बसवून समजावलं, आणि मी ऐकत नाही असं दिसल्यावर ड्रॉवरमधून फॉर्म काढून दिला. ‘पुनर्विचाराची विनंती’. तीन पानी. पुस्तक पूर्ण वाचलं आहे का? नेमका आक्षेप कशाला, पानांच्या क्रमांकांसह. आपल्याला काय व्हावंसं वाटतं? मला तो फॉर्म बघून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. इतक्या महिन्यांनंतर कोणीतरी मला उत्तर देता येतील असे प्रश्न विचारत होतं.

फक्त निकाल लागेपर्यंत पुस्तक कपाटातच राहणार, हा नियम मला पटला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, नुसत्या तक्रारीवर पुस्तकं काढायला लागलो तर वर्षाअखेरीस कपाटं रिकामी होतील. मी तेही लिहून घेतलं.

आता ती सात जणांची समिती. सप्टेंबरातच शाळेने पालकांकडून नावं मागवली होती. मीही दिलं होतं, एक पानभर माहिती टाइप करून, अनुभव, उपलब्ध वार, सगळं. तू ग्रंथालयात मंगळवारी पुस्तकं लावायला जायचीस, तर तिथल्याच एका चिठ्ठीवर तू लिहिलंस, ‘मला वाचायला आवडतं.’ तुला घेतलं. मला ‘आपल्या उत्साहाबद्दल आभार’ असं पत्र आलं. ते पत्र दाखवल्यावर तू इतकी हसलीस की चहा सांडलास माझ्या टेबलक्लॉथवर.

माझी तक्रार समितीपुढे जाणार हे कळल्यावर तू माझ्याकडे आलीस. बूट न काढता दारातच उभी राहिलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“अगं, मी नाव काढून घेऊ का?” विचारलंस.

“कशाला?”

“तू मैत्रीण आहेस माझी. मी प्रिन्सिपॉलना सांगितलं तसं.”

“ते काय म्हणाले?”

“म्हणाले, इथे प्रत्येकजण कोणाचा तरी कोणीतरी लागतो. पुस्तक पूर्ण वाचून, नीट विचार करून मत देणार असाल तर राहा. पण मला वाटतं, मी निघावं.”

“अजिबात निघायचं नाही,” मी म्हटलं.

ही माझी चूक. तू विचारत होतीस, आणि मी मनात मतं मोजत होते. सातही नावं मी एका कागदावर लिहिली होती आणि पुढे खुणा केल्या होत्या. समुपदेशक बरोबर. विज्ञानाचे सर बरोबर. दुसरे पालक, चर्चमधले गृहस्थ, बरोबर. ग्रंथपाल, त्या दुसऱ्या शाळेतून बोलावलेल्या, फुली. मुख्याध्यापक फुली. इंग्रजीच्या बाई फुली. आणि चौथी बरोबरची खूण तुझी. तुझ्या नावापुढे मी क्षणभरही थांबले नव्हते. तू आत येऊन बूट काढलेस, आपण पोहे खाल्ले, आणि तू अगदीच गप्प होतीस. मला वाटलं, समितीचं दडपण आलंय.

तीन आठवडे सातही जणांनी पुस्तक वाचलं. मग एका गुरुवारी, शाळा सुटल्यावर, ग्रंथालयातच बैठक. मला पाच मिनिटं बोलायला मिळाली. मी तक्त्याच्या प्रती काढून नेल्या होत्या. पान, ओळ, आक्षेपाचा प्रकार, संभाव्य परिणाम. पहिली नोंद पान चौदा, शेवटची पान शहाण्णव. मुख्याध्यापक म्हणाले, एवढी तपशीलवार विनंती या शाळेत कधी आली नाही. मला ते कौतुक वाटलं. चार मिनिटं पन्नास सेकंदांत मी बोलणं संपवलं आणि मागे जाऊन बसले.

समितीत एकेकाने मत सांगितलं. तुझी पाळी शेवटी आली. तुझ्याकडे कागद नव्हता. तुझं ते नागपुरी वळणाचं इंग्रजी, ज्याची मी पाठीमागे नक्कल करायचे. तू एवढंच म्हणालीस:

“माझ्या मैत्रिणीचा तक्ता बरोबर आहे. एकही चूक नाही. पण तो पान शहाण्णववर थांबतो. पुस्तक एकशेसाठ पानांचं आहे. पान एकशेएकतीसवर ती मुलगी जेवते. ज्या मुली शहाण्णवपर्यंत पोचल्यात, त्यांना एकशेएकतीस मिळायला पाहिजे.”

विज्ञानाचे सर खाली बघत होते. ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. तीन आठवडे मी ज्यासाठी खपले ते तू बसल्या जागी, सहा वाक्यांत घेऊन गेलीस. तुला अंदाज तरी होता का, त्या क्षणी मला पुस्तकाची हार वाटली नाही? मला वाटलं, हे मला का सुचत नाही? मी बोलल्यावर माणसं असा चष्मा का काढत नाहीत?

चिठ्ठ्या टाकून मत घेतलं. चार विरुद्ध तीन. पुस्तक राहणार. आत समुपदेशकांचं नाव आणि फोन असलेली एक खूणपट्टी घालायची, एवढीच भर.

पार्किंगमध्ये तू माझ्या मागे पळत आलीस. मी गाडीचं दार उघडलं होतं.

“अगं, थांब तर!”

“तुला मी निघू दिलं असतं तर बरं झालं असतं.”

“मी म्हणत होते ना निघते म्हणून? तूच बसवलंस.”

“माझी मुलगी जेवत नाही, नीलिमा. तुला काय जातंय एकशेएकतीस म्हणायला? तुझ्या घरी सगळे जेवतात.”

तेव्हा तुझा चेहरा बदलला. तू इकडेतिकडे बघितलंस आणि म्हणालीस, “जेवते.”

“कोण?”

“सई. माझ्याकडे येते शाळा सुटल्यावर. मंगळवार, गुरुवार. कधी शुक्रवारी पण. तू ऑफिसातून यायच्या आधी.”

“ती बँडच्या सरावाला जाते.”

“नाही जात ती बँडला. सप्टेंबरातच सोडला तिने.”

तू बोलत राहिलीस. गडबडलीस की तुझं असंच होतं. “पहिल्यांदा आली तेव्हा मी वरणभात खाऊन राहिले होते. तिला विचारलं पण नाही, ताट ठेवलं फक्त. तिने दोन घास खाल्ले. आता जरा बरं खाते. ते पुस्तक तिने मला आणून दिलं वाचायला. म्हणाली, मावशी, हे वाच, मग मला सांगावं लागणार नाही. मग मी काय करू बाप्पा? तिने शपथ घातली, आईला सांगू नको म्हणून.”

“ती तेरा वर्षांची आहे!”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

“म्हणूनच सांगायला हवं होतंस!”

हा आपला वाद तिथे सुरू झाला तो कधी संपला नाही. मध्ये वर्षं गेली, आपण परत बोलायला लागलो, एकत्र किराणा आणायला डेव्हॉनला जायला लागलो, पण दर दोन-चार महिन्यांनी गाडीत कुठेतरी हाच विषय निघायचा. मी म्हणायचे, डॉक्टर दर पंधरवड्याला मला विचारत होते, दुपारी काय खाते, आणि मी ‘काही नाही’ असं खोटं लिहून देत होते, तुझ्यामुळे. ते धोक्याचं होतं. तू म्हणायचीस, सांगितलं असतं तर ती यायची थांबली असती, मग ‘काही नाही’ खरंच झालं असतं. मला अजूनही वाटतं तू चुकलीस. तू गेलीस म्हणून मी माझं मत बदलणार नाही. पुढे काही सुचलं तर कोणाशी वाद घालू, तेवढं सांग.

पण त्या दिवशी मला धोका सुचला नव्हता. घरी जाताना सिग्नलला थांबले तेव्हा माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, तुझ्या त्या तेलकट टेबलाशी माझी मुलगी बसलीय आणि तू वाढते आहेस. रोज सकाळी सहाला उठून मी डबा करत होते. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेलं एकूण एक करत होते. आणि ती दोन घास खात होती ते तुझ्या हातचे. तुझं वरण, नीलिमा! तुझ्या वरणाला कधी फोडणी असते, कधी नसते.

निकालावर दहा दिवसांत शिक्षणमंडळाकडे अपील करता येत होतं. त्याचाही फॉर्म होता. मी नवव्या दिवशी तो भरला. शेवटचा प्रश्न होता, समितीपुढे न आलेली काही नवी माहिती असल्यास लिहा.

होती ना नवी माहिती. ज्या बाईच्या एका मताने निकाल लागला, त्या बाईच्या घरी तक्रारदाराची मुलगी आठवड्यातून दोन-तीनदा जेवते, तेही लपून, आणि हे तिने समितीला सांगितलं नाही. एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर तुझं मत बाद. निकाल बाद. कदाचित तुझं मंगळवारचं पुस्तकं लावणंही बंद. मी तो फॉर्म घेऊन शिक्षणमंडळाच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसपर्यंत गेले. गाडीतच बसले, मांडीवर फाइल ठेवून, पेन उघडून. पाऊण तास. आणि घरी परत आले. अपील केलंच नाही.

तुला ते कळलं. पुढच्या आठवड्यात तू फोन केलास आणि म्हणालीस, “तू मला वाचवलंस. थँक्यू म्हणायला पण लाज वाटून राहिली.” मी म्हटलं, जाऊ दे. त्या एका ‘जाऊ दे’वर आपली मैत्री परत उभी राहिली. तू चार लोकांत सांगायचीस, माझ्या मैत्रिणीचं मन फार मोठं आहे. मी ऐकून घ्यायचे. नाही म्हणाले नाही कधी.

मन मोठं वगैरे काही नव्हतं, हे तुला सांगायचं राहिलं. ते वाक्य मला लिहिता आलं नाही कारण ते सत्य होतं. ‘माझी मुलगी दुसऱ्या बाईच्या घरी जेवते.’ शिक्षणमंडळाची सभा जाहीर असते, कागदपत्रं कोणीही मागू शकतं. माझ्या सहीखाली, सुवाच्य अक्षरात, ते वाक्य सगळ्या गावाने वाचायचं? त्यापेक्षा मी हरणं पत्करलं. तुला मी नाही वाचवलं, माझ्या हेव्याने वाचवलं. पाच वर्षं तू मला ज्या गोष्टीसाठी मानत आलीस ती मी केलीच नव्हती.

आणि याहून मोठी एक गोष्ट. ती मी अजितलाही सांगितली नव्हती.

माझा तक्ता शहाण्णववर थांबला तो पुढे आक्षेपार्ह काही नव्हतं म्हणून नाही. मी पुस्तक पूर्ण वाचलं होतं, फॉर्मवर ‘हो’ लिहिलं ते खरं होतं. पान सत्त्याण्णवपासून त्या पुस्तकात आई येते. आधी ती नुसती मागे वावरत असते, पण सत्त्याण्णववर ती फ्रीजवर एक कागद लावते. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. मुलीने काय खाल्लं, किती उरलं. ती रोज तो भरते, आणि मुलगी रोज तो कागद बघते, आणि तिच्या घशाखाली काही उतरत नाही. आई वाईट नसते. जीव तोडून करत असते. तेच वाचायला जड जात होतं.

आमच्या फ्रीजवर ऑगस्टपासून कागद होता. दुधाच्या पेल्यासाठी वेगळा रकाना. न संपवलेल्या गोष्टींसाठी लाल पेन.

तो शनिवार मला नीट आठवतो. टेबलाशी बसून मी ती पानं वाचली आणि समोर फ्रीज होता. मी पिवळ्या चिठ्ठ्या लावत चालले होते. सत्त्याण्णव ते एकशेतीस एकही चिठ्ठी लावली नाही. चिठ्ठी लावायची तर कारण लिहावं लागतं. काय लिहिणार होते? ‘या पानांवर मी आहे, कृपया काढून टाकावं’?

अपील न करता परत आले त्या दुपारी मी तो कागद काढला. सईने फ्रीज उघडला, बंद केला, निघून गेली. मंगळवार, गुरुवार तुझ्याकडे जायची ती उघडपणे जायला लागली. मी एवढीच अट घातली की काय खाल्लं ते डॉक्टरांना तिने स्वतः सांगायचं. तिने सांगितलं. बरं व्हायला दीड वर्ष लागलं, आणि त्यात डॉक्टरांचा वाटा होता, समुपदेशकबाईंचा होता, तिचा स्वतःचा सगळ्यात जास्त होता. पुस्तकाने माझी मुलगी आजारी पडली नव्हती, आणि पुस्तकाने ती बरीही झाली नाही. हे आता मला कळतं. पण ते कपाटात राहिलं ते ठीकच झालं, असंही आता वाटतं. हे वाक्य तुझ्यासमोर म्हणायला मी कधी तयार झाले नसते.

तुला कळलं होतं का, नीलिमा? तक्ता कुठे थांबला ते तू भर बैठकीत सांगितलंस. का थांबला ते सांगितलं नाहीस. माझ्या घरी तू आठवड्यातून दोनदा यायचीस, फ्रीजमधून पाण्याची बाटली स्वतः काढून घ्यायचीस. आणि तीन आठवडे ते पुस्तक तुझ्याकडे होतं. तुला न कळणं शक्य नव्हतं. तरी तू थेट एकशेएकतीसवर गेलीस, मधली पानं ओलांडून. त्या दिवशी मला वाटलं होतं, काय हुशारीने बोलली. ते हुशारीचं नव्हतंच. तू मला झाकत होतीस, सगळ्यांसमोर, माझ्याविरुद्ध मत देता देता. याचाही हेवा वाटतो. मला कोणाला झाकायचं झालं तर मी आधी चादर मोजीन.

सईला तिच्या विद्यापीठात सोडायला परवा मीच गेले. अडीच तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं, बघण्यासारखं काही नाही. अजित येतो म्हणाला होता, त्याला मी नको म्हटलं. मनाशी ठरवलं होतं, वाटेतलं कँककी गाव ओलांडलं की बोलायचं. ओलांडलं. आणखी वीस मैल गेले.

“सई, त्या पुस्तकाची माझी ती यादी होती ना.”

“हं.”

“त्यात पुढची पानं नव्हती. आईची.”

ती खिडकीतून बाहेर बघत होती. “माहितीये.”

“मी वाचली होती ती. तुला वाटत असेल मी अर्धंच वाचून तक्रार केली. मी वाचली होती.”

“आय नो, आई. मावशीने सांगितलं होतं.”

गाडी मी सरळच चालवत होते. वेग बघितला, पासष्टच होता.

“कधी?”

“तेव्हाच. त्या विंटरमध्ये. मी खूप चिडले होते तुझ्यावर. मी म्हटलं, शी डिडन्ट ईव्हन फिनिश इट. तर मावशी म्हणाली, तुझी आई औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर सोडत नाही, ती पानं सोडेल काय? वाचली, म्हणूनच लिहिली नाहीत. तिला जरा वेळ दे.”

“मग?”

“मग काय. दिला.”

असं म्हणून तिने पाय सीटवर घेतले आणि डोळे मिटले. झोपली नव्हती. मला कळत होतं की झोपली नाहीय, आणि मी काही विचारलं नाही. एवढं तुझ्याकडून शिकले आहे असं समज.

म्हणजे बघ. पाच वर्षं मी ते पोटात ठेवून वावरले. सईच्या वाढदिवसांना, तिच्या ग्रॅज्युएशनला, तुझ्या घरी, माझ्या घरी, किराण्याच्या रांगेत. आणि तुम्ही दोघी मला वेळ देत होतात. मला सांगायची होती ती एकच गोष्ट, मुलीजवळ कबूल करायची, माझी स्वतःची, तीसुद्धा माझ्याआधी तू सांगून मोकळी झालीस. आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितलीस. मी सांगितली असती तर सईला फक्त माझी लाज दिसली असती. तू सांगितलीस म्हणून तिला मी दिसले.

तिला हॉस्टेलवर सोडलं, खोका वर नेऊन दिला, आणि एकटीच परत निघाले. येताना तुझ्याशी भांडत आले, मोठमोठ्याने, गाडीच्या काचा बंद करून. हे तू मला सांगायला हवं होतंस, नीलिमा. कधीही, कुठेही, डेव्हॉनच्या दुकानात भेंडी निवडता निवडता. मी चिडले असते, हे खरं आहे. तुला काय अधिकार, असं म्हणाले असते. दहा दिवस तुझ्या दारी फिरकले नसते.

अकराव्या दिवशी आले असते गं.